नववीच्या मुलांना रसायनशास्त्राची गोडी कशी लावावी?

तुम्ही विचारलंय की, नववीची मुलं रसायनशास्त्र म्हटलं की संयुजा (कुठला अणू किती बंध जोडतो ते आकडे) आणि सूत्रं पाठ करायचा विषय समजतात, शाळेने विज्ञानाचा कार्यक्रम तुमच्याकडे सोपवलाय, आणि मुलांचा रस टिकेल असं त्यात काय करता येईल?

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत २२ वर्षं विज्ञान शिकवतेय. माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, मुलांच्या घरात असलेला पदार्थ मुलांच्याच हातात द्या आणि प्रयोगाआधी त्यांचा अंदाज वहीत लिहून घ्या. बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं.

आधी एक सावधगिरीची गोष्ट. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मीही प्रदर्शनात ज्वालामुखी केला होता. अमोनियम डायक्रोमेटचे नारिंगी स्फटिक, त्यावर जळती काडी, मग ठिणग्या आणि हिरव्या राखेचा डोंगर. टाळ्या खूप पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर एकच प्रश्न आला, "बाई, परत कधी करायचा?" ती राख हिरवी का झाली, हे एकानेही विचारलं नाही, कारण त्यांनी काही केलंच नव्हतं, फक्त बघितलं होतं. शिवाय डायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारं आहे आणि ती धूळ पहिल्या रांगेतल्या मुलांच्या नाकात जाते, हे मला नंतर नीट कळलं. अजूनही काही प्रदर्शनांत हा प्रयोग दिसतो. कृपा करून तो करू नका.

त्यानंतर मी हळदीवर आले. आमच्याकडे हळद म्हणजे पीक, बाजार आणि लग्न, सगळंच. वर्गातल्या निम्म्या घरांत हळद शिजवायची काहील माहीत असते.

चार-चार मुलांचे गट करते. प्रत्येक गटाला बाटल्यांची सहा पांढरी झाकणं, चिमूटभर हळद पाण्यात कालवलेली. समोर लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, अंगाचा साबण आणि पानाला लावतात त्या चुन्याची निवळी. कुठल्या झाकणात काय होईल ते आधी लिहायचं, मग थेंब टाकायचा. लिहिल्याशिवाय ड्रॉपर हातात द्यायचा नाही, यात मी अजिबात सूट देत नाही. अंदाज लिहिलेलं मूल झाकणाकडे ज्या नजरेने बघतं ती नजरच वेगळी असते. लिंबू आणि चिंचेने रंग पिवळाच राहतो. चुन्याने क्षणात लाल. साबणाने तांबूस, आणि हे बघून कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणूनच आईच्या साडीवरचा वरणाचा डाग साबण लावला की लाल होतो!" मग दुसरं कुणीतरी सांगतं की तो डाग उन्हात वाळत घातला की उडतो. दोन्ही खरं आहे. हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. आम्लारी, म्हणजे चुन्या-साबणासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, भेटलं की ते लाल होतं आणि उन्हात विघटन होऊन फिकं पडतं.

खरी मजा दोन सोड्यांची. धुण्याच्या सोड्याने हळद गडद तांबडी होते, खाण्याच्या सोड्याने जेमतेम छटा बदलते. मुलांना वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. पुन्हा करतात, पुन्हा तेच. मग मी खाण्याच्या सोड्याचं पाणी चांगलं उकळून, गार करून तेच हळदीवर टाकायला देते. आता लाल! उकळल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा तयार होतो. एका मुलीने लगेच सांगितलं की त्यांच्या घरी ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके पडतात. पीएच (आम्ल-आम्लारीपणा मोजायचा आकडा), सौम्य आणि तीव्र हे शब्द मी त्या तासाला पहिल्यांदा फळ्यावर लिहिले. तोवर त्या शब्दांची मुलांना गरज निर्माण झालेली होती.

आता कुंकू. हळद आणि चुना यांपासून कुंकू होतं हे आज्यांना माहीत असतं, मुलांना नसतं. ते बशीत करून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी गप्प बसणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, घाम तर आम्ल असतो म्हणालात. मग कपाळावरचं कुंकू पिवळं का होत नाही?" मला त्या क्षणी उत्तर देता आलं असतं, पण मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन घरांतून कुंकू आलं. प्रत्येकावर लिंबाचा एकेक थेंब. बाजारातली दोन तशीच लालभडक राहिली. तिसरं एका आजीच्या करंड्यातलं, घरी केलेलं. ते थेंबाच्या कडेने पिवळं पडत गेलं. म्हणजे त्या दोन पुड्यांचा लाल रंग हळदीचा नव्हताच, वेगळा घातलेला होता. वर्ग इतका शांत मी फार कमी वेळा पाहिलाय. आपल्या घरातल्या देव्हाऱ्याजवळच्या वस्तूची परीक्षा आपण स्वतः घेऊ शकतो, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं होतं. तो मुलगा पुढे आठवडाभर घरातल्या हाती लागेल त्या गोष्टीवर लिंबू पिळत होता, असं त्याच्या आईने मला येऊन सांगितलं.

तुमच्या गावात हळद नसेल तर जास्वंद घ्या. फुलं गरम पाण्यात चुरली की दर्शक, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंगाने दाखवणारा पदार्थ, तयार. आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट. कोकणात असाल तर कोकमाचं आगळ घ्या. पण तुमच्या गावचा पदार्थ शोधाच, त्यासाठी एक-दोन दिवस गेले तरी चालतील.

आम्हाला तो शोध घेताना पेव सापडलं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली पेवं असायची. तोंड बुजवून त्यांत हळद वर्षानुवर्षं ठेवायचे. बरीचशी २००५च्या महापुरात गेली. एका विद्यार्थ्याच्या आजोबांना वर्गात बोलावलं होतं. ते सांगत होते, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. विझला तर माणूस उतरत नाही. आतली हवा कोंदलेली असते, ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. कीड आत तग धरत नाही तीही त्यामुळेच, आणि म्हणून हळद टिकते.

आजोबा गेल्यावर मी एका पसरट पातेल्यात तीन उंचीच्या मेणबत्त्या लावल्या आणि तळाशी खाण्याचा सोडा पसरला. मुलांना विचारलं, कडेने हळूच व्हिनेगर सोडलं तर आधी कुठली विझेल? बहुतेकांनी लिहिलं, सगळ्यात उंच, कारण वायू वर जातो. आणि विझली सगळ्यात बुटकी, मग मधली, मग उंच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो पातेल्यात पाण्यासारखा भरत वर येतो. "म्हणजे कंदील पार तळापर्यंत सोडायला पाहिजे," एकजण म्हणाला. बरोबर. अर्ध्यावर जळता राहिलेला कंदील काहीच सांगत नाही. (हा प्रयोग करताना केस बांधलेले, ओढण्या आवरलेल्या आणि शेजारी पाण्याची बादली, एवढं बघा.)

मेणबत्ती हातात आहेच तर आणखी एक करा. ज्योत फुंकून विझवा आणि लगेच वर उठणाऱ्या पांढऱ्या धुराला जळती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. जळते ती मेणाची वाफ, हे यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही. मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१च्या हिवाळ्यात मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. ही नाताळची व्याख्यानं तिथे १८२५ साली सुरू झाली. सहा व्याख्यानं पुरतील इतकं रसायन एका मेणबत्तीत आहे, हे मुलांना जरूर सांगा.

आता तुमचा खरा घोर, सूत्रं आणि समीकरणं. त्यांना मी चुन्याच्या भट्टीतून आणते. भट्टीत १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर कळीचा चुना ५६ किलोच निघतो. मुलांना विचारते, उरलेले ४४ किलो कुणी नेले? मजुरांनी चोरले, राख झाली, वजनकाटा खोटा, सगळी उत्तरं येतात. मग कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ एवढेच आकडे फळ्यावर लिहिते आणि त्यांना हिशेब जमवायला सांगते. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, एकूण १००. चुना ५६. हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड बरोबर ४४. समीकरण हा जमाखर्च आहे आणि तो दोन्ही बाजूंना जुळलाच पाहिजे, हे शेतकऱ्याच्या आणि दुकानदाराच्या पोरांना लगेच पटतं. पुढे तोच चुना पाण्यात विरवून भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि भिंतीवर पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होऊन घट्ट बसतो. डोंगरातली चुनखडी फिरून भिंतीवर आली! संयुजा पाठ कराव्या लागतातच, त्यातून सुटका नाही. पण या हिशेबानंतर मुलं त्या कुरकुर न करता पाठ करतात.

गावात बुवाबाजी असेल तर 'लिंबातून रक्त' हा प्रयोग नक्की घ्या. सुरीला मिथिल ऑरेंज (आम्लात लाल होणारा दर्शक) लावून वाळवायचं आणि लिंबू कापायचं, लाल रस निघतो. (ते लिंबू नंतर टाकून द्या.) महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असे प्रयोग गावोगावी करत आले आहेत. मी मात्र उत्तर सांगत नाही. दर्शक शिकलेल्या मुलांनी स्वतः उलगडा करायचा असतो, आणि ते करतात.

कार्यक्रमाच्या तारखेबद्दल माझं ठाम मत आहे. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला, तेव्हा दहावीची धांदल असते आणि नववीवाल्यांचाही अभ्यासक्रम उरकायचा असतो. रसायनशास्त्रासाठी २ ऑगस्ट धरा, आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्मदिवस. जन्म १८६१चा. पाऱ्याच्या नायट्राइटवरचं त्यांचं संशोधन प्रसिद्ध आहे, पण मुलांना भावतो तो त्यांचा कारखाना. गुरांची हाडं गोळा करून कलकत्त्यात घराच्या छपरावर वाळवायची आणि त्यांपासून औषधी फॉस्फेटं बनवायची, अशा खटपटीतून १९०१ साली बेंगॉल केमिकल ही कंपनी उभी राहिली.

२८ फेब्रुवारीला वर्गात दहा मिनिटं मिळाली तर जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगा, निदान मुलींसाठी. जन्म १९११चा, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर परीक्षा पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला, आणि १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईत नीरेतल्या पोषक द्रव्यांवर काम केलं. विज्ञान दिन रामन यांच्या शोधाचा आहे, त्याच दिवशी ही बाजूही मुलांनी ऐकावी असं मला मनापासून वाटतं. एकदा ही गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांनी लिहिलेला अंदाज बरोबर आला का?" आमच्या वर्गात अंदाज वहीत लिहायचा असतो ना, त्यामुळे तिच्या तोंडी तेच शब्द आले. मी म्हणाले, हो, आला.

शेवटचं, सामानाचं. पूर्ण वर्गाला दोन-तीनशे रुपयांत भागतं. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून कोरडा चुना मुलांच्या हातात देऊ नका, निवळी तुम्हीच करा. आदल्या दिवशी चमचाभर चुना बाटलीभर पाण्यात ढवळून ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या आणि झाकण घट्ट लावा. उघडं राहिलं तर त्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो. धरलाच तर फेकू नका, बाटली तशीच वर्गात न्या आणि तो कुठून आला ते मुलांना लिहायला सांगा.