गॅरेजमधलं बर्फाचं पाणी आणि काठाची मॅट

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, लेक-जावई अमेरिकेत मिनियापोलिसला असतात. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचं घर घेतलं, गॅरेज घराला लागूनच आहे. नोव्हेंबरात मी आणि हे सहा महिन्यांसाठी तिकडं निघालोय, नातू आता रांगायला लागलाय. लेक व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ वितळून गॅरेजभर पाणी होतं, दारापाशी तळं साचतं आणि सुकलं की खाली पांढरा थर दिसतो. जावई म्हणतात गाडीखाली अंथरायची काठवाली मॅट मिळते ती घेऊ, लेक किंमत बघून नको म्हणते आणि ह्यांचं म्हणणं इथनंच ताडपत्री घेऊन जाऊ. काय करावं?
(एक आजी, राजारामपुरी)

उत्तर : ताई, तो पांढरा थर आधी समजून घ्या कारण खरी भानगड तिथंच आहे. आपल्याकडं भिंतीला लोणा लागतो तसंच ते दिसतं, पण ते आहे रस्त्यावरचं मीठ. तिकडं बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, साधं मीठ उणे 9 अंशाच्या आसपासपर्यंतच नीट काम करतं, त्याच्या खाली थंडी गेली की कॅल्शियम क्लोराइडसारखी दुसरी मिठं वापरतात. हे सगळं चिखलासकट चाकाच्या वरच्या खोबणीत गच्च बसतं आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की रात्रभर टपटप खाली गळत राहतं.

नुसतं पाणी असतं तर मी म्हटलं असतं वायपर फिरवा नि सोडून द्या. पण मिठाचं पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांत मुरतं, तिथं गोठताना पाणी जवळपास 9 टक्के फुगतं, परत वितळतं परत गोठतं, असं एका हिवाळ्यात कितीतरी वेळा झालं की वरचे पोपडे निघायला लागतात. लोखंडाचंही तसंच, मालवणकडच्या पाहुण्यांच्या गाडीला खालनं गंज कसा लवकर चढतो ते तुम्ही बघितलं असेल, तिथं समुद्राची खारी हवा करते ते काम इथं हे पाणी करतं, गाडीला तर करतंच पण गॅरेजच्या दाराच्या रुळांना आणि भिंतीशी ठेवलेल्या हत्यारांनाही.

आता मॅट. ही म्हणजे जाड पीव्हीसीची मोठी परातच समजा, चारी बाजूंनी इंच-सव्वा इंचाचा काठ, काठाच्या आत फोम, चाक वरनं गेलं की दबतो आणि परत उभा राहतो. पाणी धरून ठेवणं एवढंच तिचं काम, पाणी नाहीसं ती करत नाही. ते माणसानंच काढायचं, आणि तेवढी तयारी असेल तरच पैसे घालवा.

आणि घेण्याआधी उताराचं बघाच. मी आयुष्यभर स्लॅब आणि कोबा ओतायचं काम केलंय, मुलाकडं डेट्रॉइटजवळ दोन हिवाळेही काढलेत, तरी पहिल्या वर्षी मॅट घेताना नुसती गाडीची लांबी-रुंदी मोजली आणि उतार बघितलाच नाही, पहिल्या मोठ्या बर्फाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराकडच्या काठावरनं पाणी बाहेर आणि आतला अर्धा भाग चक्क कोरडा! तिकडच्या गॅरेजला बहुतेक दाराकडं उतार दिलेला असतो. समजा मॅट 8 बाय 18 फुटांची आणि काठ 1 इंचाचा. सपाट जमिनीवर तिच्यात साधारण 340 लिटर पाणी मावेल. पण उतार फुटाला एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढा जरी असला तरी पाणी खालच्या 8 फुटांतच साचतं आणि 75 लिटरलाच काठ भरतो. म्हणजे 15 लिटरच्या पाच बादल्या, संपलं.

आता गाडीवर बर्फ किती असतो तेही बघा. छत, बॉनेट, काचा मिळून 5 चौरस मीटर धरा, त्यावर 15 सेंटीमीटर ताजा भुसभुशीत बर्फ. असा बर्फ वितळला की साधारण दहाव्या हिश्श्याएवढं पाणी होतं, म्हणजे झाले की 75 लिटर, एका रात्रीत मॅट काठोकाठ! म्हणून जावईबापूंना सांगा, गाडी आत घ्यायच्या आधी बाहेरच ब्रशनं छत-बॉनेट झाडा आणि चाकामागचे गोळे बुटानं पाडा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे आणि निम्म्याहून जास्त पाणी गॅरेजमध्ये येतच नाही.

तुम्ही गेलात की आपल्या पद्धतीनं बघा, गॅरेज रिकामं करून मध्यभागी तांब्याभर पाणी ओता आणि कुठं पळतं ते बघत राहा. हळूहळू पसरलं तर 1 इंचाचा काठ चालेल, सरळ दाराकडं धावलं तर सव्वा-दीड इंचाचा घ्या. मॅटचं शेवटचं टोक दाराच्या आतच राहिलं पाहिजे, दार काठावर बसलं तर फोम कायमचा चेपतो.

जाडी 1 मिलिमीटरच्या वर असू द्या, पातळ घेतली तर चाकाखाली गोळा होते. थंडीत पीव्हीसी पापडासारखं कडक होतं म्हणून आदल्या रात्री गुंडाळी घरात ठेवायची आणि उबदार असतानाच अंथरायची. मॅटवर गाडी उभी असताना जागच्या जागी स्टिअरिंग फिरवायचं नाही, आणि बर्फावर पकड मिळावी म्हणून खिळे बसवलेले टायर असले तर हिच्या वाटेला जाऊच नका. ओली झाली की ती शेवाळलेल्या पायरीसारखी घसरते, तुम्ही दोघं गाडीतनं उतरणार तिथं खडबडीत रबराचा तुकडा आठवणीनं टाकून घ्या.

तुमच्या ह्यांची ताडपत्री तेवढी राहू द्या. काठ करता येईल, खाली फोमचे पाइप घालून कडा उचलता येतात, पण टायरखाली ती महिन्या-दोन महिन्यांत झिजते आणि एक बारीक भोक पडलं की मिठाचं पाणी खालीच कोंडून राहतं, ते उघड्या फरशीपेक्षा वाईट.

साचलेलं पाणी ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं काढा, दाराबाहेर ढकलू नका, रात्रीत त्याची काच होते आणि सकाळी पाय घसरतो. झाडांच्या बुंध्याशी तर ओतूच नका. मिनियापोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं लोकांना सांगतं की चमचाभर मीठ 5 गॅलन, म्हणजे 19 लिटर पाणी कायमचं खराब करतं. वर तेलाचा तवंग नसेल तर लाँड्रीच्या सिंकमध्ये चालतं का ते तिथल्या नगरपालिकेला विचारून घ्या. सुकून राहिलेलं मीठ झाडून कचऱ्यात.

आणि ताई, सगळ्यात महत्त्वाचं, नातू. गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट बऱ्याचदा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते गळलं तर मॅटवरच्या पाण्यात मिसळतं, चवीला गोड असतं आणि विषारी असतं. त्या मॅटवर बाळाचा हात पडता कामा नये, घरातनं गॅरेजमध्ये उघडणारं दार कायम बंद, आणि आल्या-आल्या बूट दारातच काढायचे. पाणी हिरवं-गुलाबी दिसलं तर त्याच दिवशी गाडी मेकॅनिककडं.

प्रश्न : मी नागाळा पार्कात राहते, पावसाळ्यात रोज गगनबावडा रोडनं जाऊन येऊन करते. घराखालच्या पार्किंगमध्ये गाडीचं पाणी आणि चिखल साचतो. अशी मॅट आपल्याकडं चालेल का?

उत्तर : चालेल, पण मी घेऊ नका म्हणेन. आपल्या पावसाच्या पाण्यात मीठ नाही, त्यामुळं ते धरून ठेवायचं कारणच नाही, ते बाहेर जाऊ द्यायचं. तुमच्याकडं जून ते सप्टेंबर रोज ओली गाडी येणार, मॅट कधी सुकणारच नाही, वास येईल आणि डासांना आयतं घर मिळेल. आणि पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तर इंचभर काठ काय करणार, 2019 ला आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यापेक्षा गवंड्याकडनं दाराच्या आतल्या बाजूला 4 इंचाची आडवी नाळी काढून घ्या, कोब्याला तिकडं उतार द्या, फुटाला एक दोरा पुरतो. नाळीवरची जाळी मात्र उचलता येणारी बसवा, सिमेंटात पक्की करू देऊ नका, कारण दर पंधरा दिवसांनी आतला गाळ हातानंच काढावा लागतो.