बांधाचा ओला पायथा आणि मुंबईकरांची वर्गणी

प्रश्न : आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात असून मी भांडुपला राहतो. वाडीच्या वरच्या अंगाला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, मातीचे लहान धरण आहे. त्याची उंची सुमारे १२ मीटर असावी. यंदा शिमग्याला गावी गेलो तेव्हा सगळीकडचे गवत वाळलेले असताना धरणाच्या कोरड्या बाजूला, पायथ्याशी, एक पट्टा हिरवागार दिसला आणि तेथून बारीक धारेने पाणी वाहत होते. तिवऱ्याचे धरण फुटल्यापासून मंडळी धास्तावलेली आहेत. आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या मुंबईतील बैठकीत वर्गणी काढून तीन कामे करण्याचे घाटते आहे : झिरपणाऱ्या जागेवर काँक्रीट ओतून ती बंद करणे, उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून सांडव्याची (जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेची) भिंत दीड फूट वाढवणे आणि बांधावर वृक्षारोपण करणे. आमचे धरण धोक्यात आहे काय, आणि ही कामे योग्य आहेत काय?

उत्तर : ठराव अजून व्हायचा असेल तर तो थांबवावा, हे आधी सांगतो. तिन्ही कामांमागील हेतू चांगला आहे, परंतु तिन्हींमुळे धरण आजच्यापेक्षा अधिक धोक्यात येईल.

मातीच्या धरणातून पाणी झिरपणे हा मुळात दोष नाही. अशा बांधाच्या मध्यभागी चिकण मातीचा गाभा असतो आणि दोन्ही बाजूंना मुरमाचे आवरण असते. गाभा पाण्याला अडवतो म्हणजे त्याची गती फार मंद करतो. ते पूर्ण थांबवणे कोणत्याही मातीला जमत नाही. बांधात शिरलेले पाणी उतरत उतरत पायथ्याकडे येते आणि तेथे वाळू, खडी व दगड यांच्या गाळणथरातून बाहेर पडावे अशी योजना केलेली असते. पाणी जाते आणि माती मागे राहते, एवढेच त्या थराचे काम. म्हणून आपण पाहिलेली धार किती मोठी होती यापेक्षा ती स्वच्छ होती की गढूळ, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि आपल्या पत्रात नेमका तोच तपशील नाही.

गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती बाहेर येत आहे. माती गेली की मागे पोकळी राहते, पोकळीत पाण्याचा वेग वाढतो, वाढलेला वेग आणखी माती नेतो, आणि अशा रीतीने बाहेरच्या तोंडापासून जलाशयाच्या दिशेने आतल्या आत एक नळी कोरली जाते. अभियंते याला पायपिंग म्हणतात. वरून बांध धडधाकट दिसत असताना हे चालू राहू शकते, आणि नळी पाण्यापर्यंत पोहोचल्यावर मात्र हाताशी फार थोडा वेळ उरतो. कोकणात याची आणखी एक जागा असते. बांध जेथे डोंगराला टेकतो तेथे जांभा असल्यास त्याच्या पोकळ्यांमधून पाणी बांधाला वळसा घालून बाहेर येते. आपला हिरवा पट्टा बांधाच्या मध्याशी आहे, डोंगराच्या खांद्याशी आहे की विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या, नळाशेजारी आहे, हे त्यामुळेच कळले पाहिजे. नळाच्या कडेने येणाऱ्या पाण्याकडे मी सर्वांत अधिक संशयाने पाहतो, कारण नळाभोवतीची माती नीट दाबणे बांधकामाच्या वेळी अवघड असते. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेतच्या मातीच्या धरणातही विमोचकाच्या नळाजवळचा बांध आधी खचत गेला आणि मग पाणी माथ्यावरून गेले. ते धरण आपल्या धरणाच्या कितीतरी पट मोठे होते, तरी मातीचा स्वभाव दोन्हीकडे एकच.

आता काँक्रीटविषयी. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तोंड बंद केले म्हणून आतील पाणी नाहीसे होत नाही. ते बांधात साठते, दाब वाढतो, कोरड्या बाजूचा उतार भिजून मऊ होतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा जेथे गाळणथर नाही तेथून, फुटून निघते. पाण्याला बाहेर येऊ द्यावे, मातीला येऊ देऊ नये, हा नियम आहे. पाणी गढूळ असल्यास त्या जागेवर आधी जाड स्वच्छ वाळू, तिच्यावर खडी आणि सर्वांत वर वजनासाठी दगड, असे थर अभियंत्याच्या देखरेखीखाली टाकतात. गावकरी घाईघाईने माती, मुरूम किंवा ताडपत्री टाकतात, ते मात्र टाळावे. जलाशयाची पातळीही विमोचकातून हळूहळू उतरवावी लागते; ती एकदम उतरवल्यास पाण्याच्या बाजूचा भिजलेला उतार आधार सुटल्यामुळे घसरू शकतो.

वर्गणीतील थोडे पैसे मोजमापावर खर्च करा. दहा लिटरची बादली धारेखाली धरून ती किती सेकंदांत भरते हे घड्याळावर पाहावे. ४० सेकंद लागले तर दिवसाला सुमारे २१,६०० लिटर पाणी बाहेर येते. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण तेवढ्याने घाबरू नये. त्याच दिवशी जलाशयाची पातळीही लिहावी आणि पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवून तळाशी गाळ बसतो का ते पाहावे. गावात राहणाऱ्या एखाद्या तरुणाने हे आठवड्यातून एकदा आणि पावसाळ्यात रोज केले, तर काही महिन्यांत धरणाची एक वही तयार होईल. पातळीबरोबर धार कमी-जास्त होत असेल तर ते स्वाभाविक आहे. पातळी तेवढीच असताना धार वाढली, किंवा वाहती धार अचानक बंद झाली, तर त्याच दिवशी कळवले पाहिजे. बंद झालेली धार आतून दुसरी वाट शोधत असू शकते. आपण शिमग्याला, म्हणजे जलाशय उतरलेला असताना, धार पाहिली आहे. भरलेल्या धरणाची धार याहून मोठी असणार, हे ध्यानात ठेवून गणपतीच्या दिवसांत पुन्हा मोजावे.

सांडव्याची भिंत वाढवण्याची कल्पना मला तिन्हींत सर्वांत धोक्याची वाटते. सांडव्याच्या पातळीपासून बांधाच्या माथ्यापर्यंतची उंची रिकामी दिसते. पुराचा लोंढा आणि लाटा यांच्यासाठी ती राखलेली असते. एक चौरस किलोमीटर पाणलोटावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर १ लाख घनमीटर पाणी होते, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ घनमीटर. हा प्रवाह सांडव्याच्या रुंदीतून जायचा आहे. दीड फूट वाढवून आपण त्याची वाट तेवढी अरुंद करता, आणि पाणी माथ्यावरून गेले की मातीचा बांध तग धरत नाही. गुजरातमधील मोरबीच्या मच्छू-२ धरणाचे मातीचे बांध ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच वाहून गेले. सांडव्यात मासे धरण्यासाठी लावलेली जाळी, वाळूची पोती, पुढच्या चरातली झुडपे, हे सगळे मे महिन्यात काढून टाकावे. चाकरमानी सुटीत गावी असतात तेव्हा हे श्रमदान सहज होईल.

वृक्षारोपण वाडीत अवश्य करा, बांधावर मात्र केवळ गवत असावे. झाडाची मुळे बांधात शिरतात, झाड मेल्यावर कुजतात आणि तयार बोगदे मागे ठेवतात. तिवऱ्याचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, भेंदवाडीतील घरे व माणसे वाहून गेली, आणि त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवल्यामुळे खेकड्यांची पुष्कळ थट्टा झाली. खेकडे, उंदीर आणि घुशी बांधाला बिळे पाडतात हे खरेच आहे. परंतु बीळ खोल जाईपर्यंत कोणालाच दिसले नाही, तर दोष खेकड्याचा मानावा की बांधावर न फिरकणाऱ्याचा? झाडीने वेढलेल्या बांधावर बिळे, भेगा आणि ओल दिसतच नाही, म्हणूनही झुडपे काढायची असतात. भेग दिसल्यास तिची दिशा पाहावी. बांधाला आडवी, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग अधिक गंभीर समजावी.

प्रश्न : अशा धरणाची जबाबदारी कोणाची? तक्रार कोठे करावी? (लालबाग)

उत्तर : महाराष्ट्रात साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेच्या योजना जिल्हा परिषदेकडे, १०१ ते ६०० हेक्टरपर्यंतच्या मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्यापुढील जलसंपदा विभागाकडे असतात. ग्रामसभेचा ठराव, छायाचित्रे आणि मोजमापाची वही संबंधित कार्यकारी अभियंत्यांना द्यावी आणि प्रत तहसीलदारांना पाठवून पोच घ्यावी. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरच्या धरणांना तो काही अटी असतील तरच लागू होतो, उदाहरणार्थ बांधाची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर असणे. लागू असल्यास पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे आणि तिचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो. भांडुपच्या वाचकांचे १२ मीटरचे धरण या सीमारेषेवर येते, त्यामुळे त्यांनी आधी साठ्याचा आणि लांबीचा आकडा मिळवावा.

प्रश्न : मुंबईतही मातीची धरणे आहेत असे ऐकले. खरे काय? (मुलुंड)

उत्तर : होय. १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव मातीच्या बांधांनी अडवलेला आहे आणि त्याचे ओसंडणारे पाणी मिठी नदीला मिळते. तलाव भरून वाहू लागल्याची बातमी आपण दर पावसाळ्यात आनंदाने वाचतो. ते पाणी बांधावरून नव्हे, सांडव्यावरून जात असते.