मोबाईलच्या जीपीएसवर विसंबून छोटी होडी समुद्रात नेता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: मालवणहून देवगडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने मित्राची फायबरची इंजिन होडी न्यायची आहे, तर वेगळं जीपीएस यंत्र विकत घ्यावं की खिशातला मोबाईल पुरेल, आणि मोबाईल नेमका किती मीटर चुकतो?

मीटरचं आधी सांगतो, ते सोपं आहे. उघड्या आभाळाखाली साधारण ५ मीटर. अमेरिकी सरकारच्या जीपीएसच्या संकेतस्थळावर स्मार्टफोनसाठी ४.९ मीटर असा आकडा दिलेला आहे. शहरात फोन याहून जास्त चुकतो, कारण उंच इमारतींवर आपटून येणारे सिग्नल त्याला फसवतात. समुद्रात तो त्रास नाही, चारी बाजूंनी आभाळ मोकळं. २०१८पासून एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे फोन आले, ते आणखी नेमके. काही फोन ‘नाविक’चे, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेचे, उपग्रहही पकडतात. चांगलंच आहे, पण त्यासाठी मुद्दाम नवा फोन घेऊ नका. नाविकच्या पहिल्या फळीतल्या बऱ्याच उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडलेली आहेत, आणि नेमक्या वेळेशिवाय उपग्रह जागा सांगू शकत नाही. मे २०००च्या आधी अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, तेव्हा १०० मीटरचा फरक सहज पडायचा. तेवढ्यावर तेव्हाची जहाजं चालत होती. म्हणजे तुमच्या खिशातला आकडा वाईट नाहीच.

रेंज गेली की जीपीएस जातं, हा समज चुकीचा. फोन उपग्रहांचं फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. नेटवर्क असलं तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती त्याला इंटरनेटवरून लगेच मिळते. नसलं तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते आणि त्याला अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ लागतो. म्हणून धक्क्यावरच ॲप उघडून फोनला जागा सापडू द्या. नकाशा मात्र आधी उतरवून ठेवावाच लागतो, नाहीतर वाटेतल्या आचऱ्याच्या पुढे कुठेतरी कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसेल.

त्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बरेच जण ‘मी या आत आहेच’ असं वाचतात. अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे: तुम्ही वर्तुळाच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे साधारण तीनातून एकदा तुम्ही बाहेर. वर्तुळ अचानक फुगलं, तर फोन उपग्रह सोडून मोबाईल टॉवरवरून अंदाज बांधत असण्याची शक्यता असते, आणि तो अंदाज होडीच्या कामाचा नाही. (उंचीकडे तर बघूच नका. काही ॲप कोकणच्या पुळणीवर उभं असताना उणे साठ मीटरच्या पुढचा आकडा दाखवतात. फोन बिघडलेला नसतो. उपग्रह ज्या गणिती पृथ्वीवरून उंची मोजतात ती आपल्याकडे समुद्रसपाटीच्या तेवढी वर आहे.)

आता खरी काळजीची गोष्ट. ठिपका बरोबर असतो, पण तो ज्या नकाशावर टेकलेला असतो त्याचं काय?

२९ नोव्हेंबर २०१४च्या रात्री ‘टीम वेस्टास विंड’ ही व्होल्वो ओशन रेसमधली शर्यतीची होडी केप टाउनहून अबू धाबीकडे जाताना मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर जवळजवळ १९ नॉट (ताशी सुमारे ३५ किलोमीटर) वेगाने चढली. नऊ माणसं होती, सगळी वाचली. उपकरणं जगातली उत्तम, खलाशी नावाजलेले. आपण कुठे आहोत हेही त्यांना ठाऊक होतं. पण इलेक्ट्रॉनिक नकाशा ज्या झूमवर बघितला गेला, त्या झूमवर तो खडकांचा पट्टा धोकादायक दिसतच नव्हता, पाण्याची खोली पुरेशी वाटत होती. आत झूम केलं असतं तर दिसला असता. मोबाईलच्या सहा इंची पडद्यावर ही चूक करणं किती सोपं आहे, बघा. सगळी वाट एका नजरेत दिसावी म्हणून आपण झूम बाहेर घेतो आणि नेमके खडक गायब होतात. निघायच्या आदल्या रात्री पूर्ण वाटेवर बोट फिरवत, जवळून झूम करून, घरी बसून बघा.

गुगल मॅपबद्दल तर एकच सांगतो: त्यात समुद्र म्हणजे निळा रंग. खोली नाही, खडक नाही, बोया (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) नाही. नेव्हिऑनिक्ससारखं सागरी नकाशाचं ॲप लागेल. आणि त्यातल्या आकड्यांनाही वय असतं. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे डेहराडूनचं नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. इलेक्ट्रॉनिक नकाशात प्रत्येक भागाच्या सर्वेक्षणाला दर्जा दिलेला असतो: ए१ असेल तर नकाशावरची जागा ५ मीटरपर्यंत पक्की, बी असेल तर ५०, सी असेल तर ५००. तुमचा फोन ५ मीटरने चुकतोय आणि खडकच नकाशात ५०० मीटर इकडेतिकडे असू शकतो, तर फोनच्या अचूकतेवर भांडण्यात काय अर्थ?

खाडीच्या तोंडांचं आणखी वेगळं. आचऱ्याला किंवा देवगडच्या आसपासच्या छोट्या खाड्यांत शिरायचा विचार असेल, तर तिथली वाळू दर पावसाळ्यात हलते. गेल्या वर्षीची वाट यंदा नसते. हे कुठलंही ॲप सांगणार नाही. तिथला तांडेल (होडीचा प्रमुख खलाशी) सांगेल. नकाशातली खोली बहुतेक ओहोटीच्या तळाची धरलेली असते, तेव्हा भरतीला थोडं जास्तच पाणी मिळतं, पण उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी) हे बघून निघा. मालवणच्या किल्ल्याभोवती बरेचसे खडक ओहोटीला उघडे पडतात आणि भरतीला पाण्याखाली जातात. तिथे पर्यटकांच्या होड्या कुठल्या वाटेने जातात ते बघून ठेवणं कुठल्याही यंत्रापेक्षा उपयोगी.

आकडे टाकतानाचा एक घोळ नेहमी होतो. देवगड साधारण १६ अंश २२ मिनिटांवर आहे. ॲप दशांशात अंश मागत असेल आणि तुम्ही १६.२२ टाकलं, तर देवगडऐवजी ठिकाण जवळजवळ ९ सागरी मैल (साधारण १६ किलोमीटर) दक्षिणेला, आचऱ्याच्या आसपास पडतं. २२ मिनिटं म्हणजे ०.३६७ अंश. टाकलेलं ठिकाण नकाशावर कुठे पडलं ते डोळ्यांनी बघा. आणि दोन ठिकाणं जोडणारी सरळ रेष ॲप बेफिकिरीने खडकावरून, कधी जमिनीवरूनही काढतं.

दिशेचं थोडक्यात: होडी चालत असताना जीपीएस जी दिशा दाखवतं ती तुम्ही खरंच कुठे सरकताय याची. वारा आणि प्रवाह त्यात आलेले असतात, म्हणून ती उपयोगी. थांबलात की ती गरगर फिरते. फोनमधलं होकायंत्र इंजिनाजवळ भलतंच काही दाखवतं, त्यापेक्षा एक साधं होकायंत्र होडीत बसवा. कोकण किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक अगदी थोडा आहे, हिशोब करायची गरजच पडत नाही.

मग वेगळं यंत्र घ्यायचं का? जागा आणखी नेमकी कळेल म्हणून घेणार असाल तर नको. हातातल्या सागरी जीपीएसमध्ये पैसे मोजायचे ते बटणांसाठी, बदलता येणाऱ्या सेलसाठी आणि उन्हात दिसणाऱ्या पडद्यासाठी. ओल्या बोटांना टचस्क्रीन जुमानत नाही, खाऱ्या थेंबांनी तर पडदा स्वतःच बटणं दाबत सुटतो. आयफोन वापरण्यासाठी ॲपलने दिलेली मर्यादा भोवतालच्या हवेच्या ३५ अंश सेल्सियसची आहे. मार्च-एप्रिलमध्ये उन्हात फायबरवर ठेवलेला फोन तापून बंद पडायला वेळ लागत नाही. चार्जिंगच्या भोकात ओल शिरली की चार्जही होत नाही.

तुमची वाट जेमतेम २० सागरी मैलांची, किनारा सतत डोळ्यांसमोर. दिवसा, शांत हवेत जाणार असाल तर मी फोनवरच जाईन: एक चालू, सावलीत, दुसरा तोच नकाशा उतरवलेला, बंद करून जलरोधक पिशवीत. वाचलेल्या पैशांतून लाइफ जॅकेटं घ्या आणि परवाना काढून व्हीएचएफ रेडिओ (होड्यांवरचा बिनतारी संच) घ्या. तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक फोनमध्ये ठेवा, पण त्याला मोबाईलची रेंज लागते. व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलला लागत नाही. परदेशातून कोणी सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) आणून देतो म्हणाला तर घेऊ नका, आपल्याकडे तो परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

वाटेत कुणकेश्वरचं देऊळ आणि पुढे देवगडचं दीपगृह समुद्रातून ओळखता येतं. ती दोन्ही फोनवरच्या ठिपक्याशी जुळतात का ते बघत चला. जुळलं नाही, तर वेग कमी करून आधी बाहेर, खोल पाण्याकडे वळा आणि मग फोन तपासा.