वायफाय रिलेवर साडेसात एचपीची मोटर चालेल का? रिलेवर ३० अँपिअर लिहिलंय.

चालेल, थोडे दिवस. मग एकदा तुम्ही मोबाईलवर 'बंद' दाबाल, ॲप बंद दाखवेल आणि विहिरीवर मोटर चालूच असेल.

साडेसातची थ्री फेज मोटर चालताना ११ अँपिअरच्या आसपास घेते. थेट सुरू केली की पहिल्या क्षणी त्याच्या सहा-सात पट. रिलेवरचे ३० अँपिअर शेगडी-हीटरसारख्या लोडसाठी असतात. रिलेचे पॉइंट (आतले धातूचे संपर्क) मिटताना किंचित उसळतात, त्या फटीत ठिणगी पडते, पॉइंट वितळून चिकटतात. शिवाय तुमचा रिले एकच फेज तोडणार. उरलेल्या दोन फेजवर मोटर गुरगुरत जळेल.

म्हणून रिलेने फक्त हुकूम द्यायचा, ओझं कॉन्टॅक्टरने, म्हणजे तिन्ही फेज एकदम जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचने, उचलायचं. कॉन्टॅक्टर घेताना एसी-३ समोरचा आकडा वाचा, मोटरसाठी तोच. एकाच कॉन्टॅक्टरवर एसी-१ ला (हीटरसारख्या लोडला) ३२ आणि एसी-३ ला १८ असं असू शकतं, आणि दुकानदार बोट मोठ्या आकड्यावर ठेवतो. तुमच्याकडे चांगला डीओएल (मोटर थेट सुरू करणारा) स्टार्टर असेल तर त्यातलाच कॉन्टॅक्टर वापरा.

खरी गोची कॉइलची आहे, म्हणजे कॉन्टॅक्टर ओढून धरणाऱ्या गुंडाळीची. शेतावरच्या स्टार्टरची कॉइल बहुधा दोन फेजमध्ये, ४१५ व्होल्टवर असते आणि रिले २५० व्होल्टचा. न्यूट्रलचा भरवसा नसेल तर ४१५ ला २३० करणारा छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावा, कॉइल २३० ची घ्या. मग एक रिले स्टार्ट बटणाला पॅरलल, दुसरा स्टॉपच्या सिरीजमध्ये. दोन्ही क्षणभरच हलले पाहिजेत, म्हणजे लाईट जाऊन आली तरी मोटर आपोआप उठणार नाही. ऑटो लावायचाच तर टायमरने उशीर द्या. लाईट येताच सगळ्या शिवाराच्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज उडतो.

सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एखादा फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, मात्र टाळू नका. मी मेव्हण्यांच्या मळ्यात हे सगळं जोडलं, तेवढाच राहिला. एका रात्री तिसरा फेज गेला. कॉइल ज्या दोन फेजवर होती ते शाबूत, म्हणून कॉन्टॅक्टर सुटला नाही. जास्त करंट झाला की मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले तरी पडायला हवा होता, पण 'सारखा ट्रिप होतो' म्हणून कोणीतरी त्याचा स्क्रू पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला. रिवाइंडिंगचे पैसे मीच दिले, मेव्हणे अजून चहाच्या वेळी आठवण काढतात.

आणखी एक. ॲपला रिलेची अवस्था कळते, मोटरची नाही. वायरवर करंट सेन्सर बसवला तरच 'बंद'वर विश्वास ठेवा.

जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, आणि पॅनेल उघडण्याआधी तिन्ही किटकॅट फ्यूज काढून त्याच्या खिशात. घरी पोरांच्या हातात तो मोबाईल असतो.