हिस्सा मागण्याआधी जुने फेरफार वाचा

प्रश्न: तासगाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित सहा एकर शेती आहे. चुलतभाऊ कसतो, आता तिथे द्राक्षबाग आहे. वडील वारले, पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. मी आणि बहीण दोघंही परदेशात. भाऊ म्हणतो हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) करून द्या, घरचे म्हणतात हिस्सा विकून मोकळे व्हा. काय करावं?

उत्तर: हक्कसोड नको आणि विक्रीही नको, निदान आत्ता तरी नको. वारसनोंद मात्र लगेच करा. अर्ज, मृत्यूदाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर तलाठ्याकडे काम सुरू होतं. अर्ज ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरूनही करता येतो.

परदेशस्थ भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाला) शेतजमीन वारशाने मिळू शकते. पण रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय ती विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. म्हणजे आज भावनेच्या भरात सही केलीत आणि पुढे मुलांना गावाची ओढ लागली, तर ते दार जवळजवळ बंद झालेलं असेल.

आता भावाचं. तुमच्या पत्रात सहा एकर आहेत, पण त्या सहा एकरांत काय काय घडलं ते कुठेच नाही. तासगाव भाग मुळात कमी पावसाचा. आजोबांच्या वेळी अशा रानात शाळू आणि हरभरा, विहिरीवर मोट. १९७२ च्या दुष्काळात या भागातली कितीतरी घरं रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर जगली. पुढच्या पिढीने मोटेच्या जागी इंजिन, मग वीजपंप बसवला आणि द्राक्षं लावली. तास-ए-गणेश हे वाण याच तालुक्याच्या नावाचं. आता खाऱ्या पाण्याला टिकावी म्हणून बाग डॉगरिज या काटक द्राक्षजातीच्या खुंटावर कलम केलेली असते, वर लोखंडी मांडव, खाली ठिबक. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि मधली अवकाळीची धास्ती तुमच्या भावाने काढली आहे. आजोबांचं कोरडवाहू रान आणि आजची बाग यांचा गट नंबर एक असेल, किंमत एक नाही. त्या फरकात भावाचे कष्ट आहेत, आणि हिशोबाला बसताना ते तुम्ही स्वतःहून बोलून दाखवावेत असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पहिला फोन हिश्श्यासाठी करू नका. सातबारा मागवा आणि त्यावर दिलेल्या फेरफार क्रमांकांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, जुने उतारे काढा. बरेच जुने अभिलेख ऑनलाइन मिळतात, बाकीचे तहसीलच्या अभिलेख कक्षात. ते भावाबरोबर व्हिडिओ कॉलवर वाचा. एखाद्या नोंदीत कलम ३२ग दिसलं, तर जमीन कूळकायद्याने, म्हणजे कसणाऱ्या कुळाला मालकी देणाऱ्या कायद्याने मिळालेली आहे. विक्रीच्या अटी वेगळ्या असू शकतात, वकिलाला विचारा. ‘इतर हक्क’ रकान्यात गावच्या सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसेल. तो कधी चढला, कोणत्या वर्षी बाग गेली म्हणून चढला, हे भावाच्या तोंडून ऐका. मुलांनाही शेजारी बसवा. घराण्याची एवढी खरी माहिती त्यांना दुसरीकडे मिळणार नाही.

एक गोष्ट परदेशातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. तुमची नावं लागली की खातं सामाईक होतं. मग पीककर्जासाठी सोसायटी किंवा बँक सहहिस्सेदारांचं संमतिपत्र मागू शकते, आणि तुमची सही यायला उशीर झाला तर भावाचा हंगाम अडतो. हक्कसोडीचा आग्रह बहुधा यातूनच आला असावा, त्याला लगेच लोभ समजू नका. त्यावर उपाय आहे: ठरावीक कामांपुरतं, मुदतीचं कुलमुखत्यारपत्र. पीककर्ज, वीजजोडणी, विम्याचे अर्ज एवढेच अधिकार लिहा. विक्री आणि गहाण स्पष्टपणे वगळा. भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवा आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या.

उत्पन्नात वाटा मागायचा का? माझं मत, नाही. जो कसतो त्याने खावं, आणि तसं लेखी ठरवून घ्यावं, म्हणजे पुढच्या पिढीत भांडण उरत नाही.

बहिणीला या सगळ्यात पहिल्या फोनपासून घ्या. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वडिलोपार्जित मिळकतीत तो जन्मापासूनचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तिचं नाव वगळून केलेली वारसनोंद पुढे वादात जाते. तिला काही सोडायचं असेल तर ते तिने सगळी कागदपत्रं स्वतः वाचून ठरवू दे, तुम्ही तिच्या वतीने शब्द देऊ नका.