दहावीला सांख्यिकी पहिल्यांदाच शिकवताय ना, मग हे ऐका

सर, २०१८ ला दहावीचं बालभारतीचं पुस्तक बदललं त्यात गणित भाग १ मधे सहावं प्रकरण सांख्यिकीचं आहे, मध्य म्हणजे सरासरी काढायच्या तीन पद्धती, मग मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा), आयतालेख, वृत्तालेख. पोरं गृहीतमध्याचं, म्हणजे आधी एक मध्य धरून सरासरी काढायच्या पद्धतीचं, टेबल घडाघडा मांडतात हो, पण आलेल्या उत्तराचा अर्थ विचारा, सगळे गप्प! मी पण पहिली दोन वर्षं नुसती टेबलंच भरून घेतली. आता आधी फळ्यावर पाच पगार लिहितो, १२, १२, १४, १५ आणि ९७ हजार, मध्य येतो ३०, मध्यक १४, आणि विचारतो की नोकरीच्या जाहिरातीत 'सरासरी पगार ३० हजार' लिहिलं तर खोटं आहे का? मग जे भांडण लागतं ना वर्गात, ते लागू द्या, अर्धा तास गेला तरी चालेल. सूत्रं काय, नंतर होतात.