जैवसुरक्षेतील नोकरी : एका वडिलांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घातक विषाणूंच्या प्रयोगशाळांवर देखरेख ठेवणारी सरकारी अधिकारी होण्याची तिची इच्छा आहे, आणि त्यासाठी कोणती परीक्षा द्यावी व हे काम जिवावर बेतणारे तर नाही ना, असे आपण विचारले आहे.

औषध निरीक्षकासाठी एमपीएससीची परीक्षा असते, तशी सरळ वाट येथे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आपल्याकडील देखरेख मुख्यतः पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांवर उभी आहे, आणि तिची पहिली पायरी खुद्द संस्थेतच असते. जनुकीय फेरफार केलेल्या किंवा घातक सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या संस्थेला जैवसुरक्षा समिती नेमावी लागते, व तीत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी बसतो. तिच्यावर त्या विभागातील आरसीजीएम, म्हणजे जनुकीय फेरफारांच्या कामाचा आढावा घेणारी समिती असते. जंतू किती घातक यानुसार प्रयोगशाळांच्या सुरक्षेच्या चढत्या चार पातळ्या असतात, व तिसऱ्या पातळीपासून पुढच्या प्रयोगशाळांना या समितीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. नियमांत मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्य समिती आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीही आहे; जिल्हा समितीचे नाव मात्र माझ्या कानावर क्वचितच पडते.

या समित्यांवर पोहोचतात ती माणसे प्रयोगशाळेत वर्षे घालवलेली असतात. म्हणून मुलीने परीक्षेच्या जाहिरातीची वाट पाहण्यापेक्षा दुसऱ्या पातळीच्या चांगल्या निदान प्रयोगशाळेत किंवा लस-उत्पादन कंपनीत कामाला सुरुवात करावी, जमल्यास पीएच.डी. करावी आणि पुढे संस्थेच्या जैवसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाकडे पाहावे. सर्वोच्च, म्हणजे चौथ्या पातळीची प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २०१२ पासून आहे. परंतु तेथे थेट पदव्युत्तर पदवीवर आत शिरण्याची घाई नको.

तिने दोन शब्दांतला फरकही आत्ताच समजून घ्यावा. अपघाताने जंतू बाहेर पडू नये यासाठीची काळजी ती बायोसेफ्टी, आणि कोणी ते मुद्दाम चोरू वा गैरवापरू नये यासाठीचा बंदोबस्त ती बायोसिक्युरिटी. दुसऱ्या बाबतीत साठ्याचा हिशेब, प्रवेशाच्या नोंदी, निर्यातीचे परवाने आणि २००५ चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा येतो. अक्षर नीटस आणि नोंदी काटेकोर ठेवणारीला हे क्षेत्र विशेष मानवते.

जोखमीविषयी आपली काळजी रास्त आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे वैद्यकीय महाविद्यालयातील एका छायाचित्रकार स्त्रीला देवीची लागण होऊन तिचा मृत्यू झाला, आणि तो विषाणू त्याच इमारतीतील प्रयोगशाळेतला होता. ती स्वतः जंतूंवर काम करीतही नव्हती. आज तिसऱ्या पातळीच्या खोल्यांत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या गाळणीतून सोडतात आणि कचरा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करतात. ही यंत्रणा रोज तपासली जाते की केवळ पाहणीच्या आदल्या दिवशी, यावर बरेच अवलंबून असते.

त्यामुळे मुलाखतीला गेल्यावर तिने नम्रपणे विचारावे, की येथील जैवसुरक्षा अधिकारी कोण, समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि सुई टोचण्यासारख्या किरकोळ घटनेची नोंद कोठे होते. उत्तर देताना कोणी टाळाटाळ केली, तर ती नोकरी खुशाल सोडावी.